जिवंतांची फळी

"हात दाखवा," हे त्यांनी मला उद्देशून उच्चारलेले पहिले वाक्य. मी बँकेतल्या बदलीने कुंभकोणमला नव्यानेच आलेला, तमिळ वाचण्याइतपत येणारा, पन्नाशी ओलांडलेला, एकटा गृहस्थ. मला वाटले, हे ज्योतिषी असावेत. मी मुकाट्याने उजवा तळवा पुढे केला. त्यांनी तो खिडकीतल्या उजेडाकडे वळवला, अंगठ्याने चोळला, नाकाशी नेला आणि निकाल दिला, "मेदुवडा. मागें नळ आहे, धुवून या."

हा गैरसमज केवळ माझाच झाला असे नव्हे. एक गृहस्थ तर आपल्या पुतण्याची पत्रिका घेऊनच आले होते. तळवा न्याहाळून होताच त्यांनी आशेने विचारले, "विवाहयोग दिसतो का?" त्यावर शांतपणे उत्तर मिळाले, "विवाहाचें मज ठाऊक नाहीं. चुना दिसतो. विडा खाऊन पुस्तकास हात लावूं नये."

गावात त्यांना रायर म्हणत. त्या मुलुखात मराठी घरांतल्या पुष्कळ पुरुषांना ही उपाधी, म्हणजे आपल्या 'राव'चे तिकडचे रूप, आपोआप मिळते, तेव्हा मीही त्यांना रायरच म्हणतो. त्यांचे पूर्वज तंजावरच्या दरबारात होते. अशा घराण्यांतली इतर मंडळी आपल्या पूर्वजांना निदान किल्लेदार तरी करून टाकतात. रायर मात्र अभिमानाने सांगत, "आमचे पणजे दरबारच्या पोथ्यांस वाळवी लागूं देत नव्हते. दुसरें कांहीं केलें नाहीं त्यांनीं." ते स्वतः तिरुभुवनमच्या एका विणकर सोसायटीत साड्या पारखण्याच्या कामावरून निवृत्त झाले होते. साडी उजेडात धरायची, बोटांनी चाचपायची, उणे सापडले की बाजूला काढायची, एवढ्यातच उभा जन्म गेलेला. निवृत्तीनंतर हीच रीत त्यांनी पुस्तकांना लावली, आणि पुस्तकांच्या आधी वाचकांच्या हातांना.

त्यांचे वाचनालय विठ्ठलाच्या भजनमठातल्या ओसरीलगतच्या खोलीत होते. बाहेर तमिळमध्ये पाटी होती: 'वाचनालय. सर्वांसाठी, विशेषतः' आणि पुढे काहीच नाही. रंगाऱ्याने विचारले होते म्हणे, विशेषतः कोणासाठी? रायर म्हणाले, "ज्यांस कळायचें त्यांस तेवढ्यानें कळेल. तुझे पैसे घे."

ज्यांना कळायचे त्यांना खरोखरच कळले. आत होती ती पुरुषावर जीव जडलेल्या पुरुषांची, बाईबरोबर संसार थाटलेल्या बायकांची, आणि मुलगा म्हणून वाढवल्या गेलेल्या पण बाई म्हणून जगणाऱ्या, तमिळमध्ये ज्यांना आदराने तिरुनंगै म्हणतात त्यांची पुस्तके, बहुतेक तमिळ, काही इंग्रजी: कादंबऱ्या, आत्मकथने, कवितांच्या चोपड्या, दोन अंकांत बंद पडलेली नियतकालिके, मूळ प्रत हरवलेल्या लेखांच्या झेरॉक्स. हल्ली याला क्वीअर साहित्य असे नाव आहे. रायर त्याला 'आपलीं पुस्तकें' म्हणत. त्या 'आपलीं'मध्ये मी पहिल्या दिवसापासून मोडत होतो. तसे मी तोपर्यंत कोणालाही, अगदी आरशालाही, स्पष्ट सांगितलेले नव्हते. स्वतःला दोष देत राहण्यात मी पुष्कळ आयुष्य घालवले आहे. रायरांनी मात्र मला दोष दिला तो फक्त मेदुवड्याचा.

नाव विचारायचे नाही, हा त्यांचा नियम होता. त्याऐवजी ते प्रत्येक वाचकाला साडीचा एक रंग देत आणि तोच लक्षात ठेवत. कॉलेजातले एक प्राध्यापक मोरकंठी झाले. दर वेळी हेल्मेट घालूनच आत येणारा आणि हेल्मेट घालूनच वाचणारा एक तरुण अबोली झाला. माझ्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "कांद्याचें साल." मी थोडा हिरमुसलो असावा, कारण त्यांनी लगेच समजूत घातली, "वाईट नोको वाटूं देऊं, सार. धुतल्यावर हाच रंग टिकतो."

ब्लाऊज शिवणारी एक तिरुनंगै तेवढी या नियमातून सुटली होती. बसस्टँडजवळ तिचे दुकान होते आणि सारे गाव तिला अक्का म्हणत असे. तिने पहिल्याच दिवशी तमिळमध्ये बजावले होते, "रायर, मला रंग देऊ नका. नाव मी स्वतः निवडलंय, खर्च करून. तेच घ्या." ती एकटीच मोठ्याने वाचे, मोठ्याने हसे आणि खुर्ची रस्त्याकडे तोंड करून मांडे. गावात आपण खुर्चीवर बसून पुस्तक वाचतो ते इथेच, असे ती सांगे. दुकानात बसले तर गिऱ्हाईक, देवळाबाहेर बसले तर लोक नाणे टाकतात.

पणजोबांच्या विद्येप्रमाणे रायर पुस्तकांमध्ये वेखंड, मिरी आणि लवंगांच्या पुरचुंड्या ठेवत. त्यामुळे वाळवी येत नसे, पण सगळ्या साहित्याला रसमचा वास येई. मी पुस्तके वर्तमानपत्रात गुंडाळून नेत असे. कव्हर दिसत नसे, वास मात्र माझ्या पुढे चालत जाई. एकदा तिरुक्करुगावूरच्या बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाने माझ्या पिशवीकडे पाहून हलकेच श्वास घेतला आणि स्वतःची पिशवी थोडी उघडून माझ्याकडे सरकवली. तोच वास. उतरेपर्यंत आम्ही एक शब्दही बोललो नाही. इतका सुखाचा बसप्रवास मी दुसरा केलेला नाही.

साहित्याची त्यांची समीक्षा हातमागावरची होती. "पदर भरजरी, अंग विरळ," असा एका गाजलेल्या कादंबरीवरचा अभिप्राय. दुसरीबद्दल म्हणाले, "येथें धागा तुटला, आणि लेखकानें गाठ आंत लपवली. बोट लावून पाहा, लागते." गंमत अशी की मी ते पान पुन्हा वाचले आणि गाठ खरोखरच लागली.

पण त्यांचा खरा विक्षिप्तपणा फळ्यांच्या मांडणीत होता. लेखक, भाषा, विषय यांपैकी कशाशीही त्यांना कर्तव्य नव्हते. नवे पुस्तक आले की ते आधी शेवटचे पान उघडत. माणसे शेवटपर्यंत जगली असतील तर पुस्तक खिडकीजवळच्या फळीवर जाई. कोणी गळफास, विहीर, रेल्वे किंवा क्षय यांनी मेले असेल तर भिंतीकडच्या कपाटात. नव्या वाचकाला पहिल्या खेपेस खिडकीजवळचेच पुस्तक मिळे. "पहिल्यानें जिवंत," ते म्हणत. "मेलेले मग. ते कोठें जात नाहींत." दुःख असे की भिंतीकडचे कपाट ओसंडून वाहत होते आणि जिवंतांची फळी निम्मी रिकामी. त्या रिकाम्या जागेकडे ते असे पाहत, जसा एखादा बाप लग्नाच्या पंगतीत न आलेल्या पाहुण्यांच्या पानांकडे पाहील.

यातूनच एकदा चेन्नईच्या एका लेखकांवर प्रसंग ओढवला. आपले पुस्तक या गावात वाचले जाते हे ऐकून ते बिचारे आनंदाने भेटीस आले होते. बहुधा शालीची अपेक्षा असावी. रायरांनी त्यांचे हात तपासले, कॉफी दिली, आणि समोर बसून विचारले, "त्या मुलास तुम्ही विहिरींत काय म्हणून ढकललांत?"

"मी नाही ढकललं," लेखक दचकून म्हणाले. "तो स्वतः... ती शोकांतिका आहे, सर."

"पोहतां येत होतें त्यास. दुसऱ्या प्रकरणांत नदी पोहून गेला."

"समाजाच्या दडपणाखाली तो—"

"समाज विहिरींत होता काय?"

अक्काने पुस्तकातून डोके वर न काढता भर घातली, "आणि त्याचा मित्र? तो तीन पानं काठावर उभा राहून आभाळाचं वर्णन करतो. दोरी टाकायला काय झालं होतं मेल्याला?"

लेखक शाल न घेताच गेले. परंतु पुढे त्यांचे नवे पुस्तक टपालाने आले. रायरांनी आधी शेवटचे पान उघडले. नायक जिवंत होता. मधुमेही होता, पण जिवंत. त्या दिवशी आम्हा सर्वांना पेढे मिळाले आणि नंतर हात धुवायला लावण्यात आले.

हे सगळे कशासाठी, असा प्रश्न त्यांना पुष्कळजण विचारत आणि प्रत्येकाला निराळे उत्तर मिळे. चौकशीला आलेल्या पोलीस हवालदाराला ते म्हणाले, डॉक्टरांनी हलके काम सांगितले आहे. मठाच्या पुजाऱ्याला म्हणाले, जागा रिकामी ठेवली तर वटवाघळे येतात. मला त्यांनी एका दुपारी, मी न विचारताच, पुरचुंड्या बांधता बांधता सांगितले. "सोसायटींत माझ्यासंगें एक होता. हिशेब पाहायचा. आम्ही दोघे संध्याकाळीं बसची वाट पाहत उभे राहूं. बस नेहमीं वेळेवर येई." त्यांनी पुरचुंडीत दोन लवंगा टाकल्या. "दोघांसही वाटत होतें, हें असलें जगांत आपणांसच झालें आहे. त्याचें लग्न झालें, मद्रासेस गेला. एक पुस्तक असतें, सार, एकच, तर विचारतां आलें असतें, हें वाचलेंत काय म्हणून." मग त्यांनी पुरचुंडीची गाठ दातांनी आवळली आणि लवंगा महाग झाल्याबद्दल बराच वेळ तक्रार केली.

मठाच्या लोकांना वाचनालयात काय आहे हे बरीच वर्षे ठाऊक नव्हते. जुनी माणसे जुनी पुस्तके जपत असतील, असा त्यांचा समज होता. तो दूर झाला तो एका वृद्ध भजनकऱ्यामुळे. भजन सुरू व्हायला उशीर होता म्हणून त्यांनी सहज एक कादंबरी उचलली आणि ती इतकी आवडली की रोज लवकर येऊन ती संपवली. संपल्यावर मात्र त्यांना धक्का बसला. ते तडक सेक्रेटरींकडे गेले.

मठाचे सेक्रेटरी निवृत्त मुख्याध्यापक होते. सरळ, कर्तव्यदक्ष आणि त्यामुळेच भीतीदायक. त्यांनी रायरांना बोलावले. मी सोबत गेलो आणि दाराशीच उभा राहिलो.

"राव, मज भांडण नोको आहे. मठ देवाचा. तेथें हें चालणार नाहीं. विजयादशमीपर्यंत खोली मोकळी करा. टेंपो मी करून देतो."

"कोठें नेऊं?"

"तुमचा भाचा आहे की पापनाशमाकडे."

भाच्याकडे खतांचे गोदाम होते. त्याने कोपरा द्यायचे कबूल केले होते, कोपऱ्यावरचे छप्पर गळत असल्याची आगाऊ कल्पनाही दिली होती. एक पावसाळा, आणि रायरांनी वर्षानुवर्षे जमवलेल्या साऱ्या पुस्तकांचा लगदा झाला असता. त्यातल्या कित्येकांची दुसरी प्रत कोठेच नव्हती. परत येताना रायर एवढेच म्हणाले, "युरियास वेखंड चालतें काय, पाहिलें पाहिजे."

तिकडे नवरात्रात नवमीला सरस्वतीपूजा असते. घरातली, मठातली सगळी पुस्तके देवीपुढे रचतात, चंदन-कुंकू लावतात, आणि त्या दिवशी कोणी अक्षर वाचत नाही. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, पुन्हा पूजा होते. मग प्रत्येकाने त्या राशीतले एक पुस्तक उचलून थोडे तरी वाचायचे. त्याशिवाय रास हलवता येत नाही. हा नियम सेक्रेटरींना माझ्यापेक्षा कितीतरी अधिक चांगला माहीत होता. तरीही त्यांच्या हातून चूक झाली ती पलीकडच्या रस्त्यावरच्या मठामुळे. त्या मठाची रास म्हणे छातीपर्यंत उंच होती. आमच्या मठाजवळ कडा कुरतडलेली थोडीशी भजनपुस्तके. नवमीच्या सकाळी सेक्रेटरी स्वतः खोलीच्या दारात आले.

"राव, तुमचीं पुस्तकें बाहेर काढा. सगळीं. पायरी पायरीनें रचूं."

माझ्या मनात लख्ख प्रकाश पडला: पूजेला बसलेली पुस्तके खतात कोण टाकणार? अक्कानेही माझ्या दंडाला चिमटा काढला. आणि रायर म्हणाले, "नोको."

"काय म्हणून?"

"चंदन लावतांत तुम्ही. मुखपृष्ठावर डाग पडतो."

"देवीच्या पूजेस चंदन नोको?"

"देवीस लावा. ती धुतां येते."

"उद्यां जाणारच आहेत तीं पुस्तकें. जातांना देवीचा हात लागून जाऊं देत!"

"डाग लागून जातील."

मी आयुष्यात प्रथमच एका वडीलधाऱ्या माणसाच्या पायावर मुद्दाम पाय दिला. रायरांनी तो पाय पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "सार, टाच खालीं करा. मज कळतें. पण डाग तो डाग." शेवटी तोडगा निघाला: प्रत्येक पुस्तकावर कागदाची पट्टी, आणि पट्टीवर चंदन. दुपारपर्यंत आम्ही पट्ट्या कापत होतो. साड्यांच्या थप्पीसारखी, रुंद खाली आणि अरुंद वर, अशी रास रचली गेली. सेक्रेटरींनी स्वहस्ते एकेका पुस्तकाला टिळा लावला, त्या वृद्ध भजनकऱ्यांना धक्का देणाऱ्या कादंबरीलाही. रास त्यांच्या डोक्याच्या वर गेली. पलीकडच्या मठातले दोघे पाहून गेले आणि सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर दिवसभर तेज होते.

विजयादशमीला सकाळीच टेंपो येऊन उभा राहिला. पूजा झाली. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, अक्का मधल्या खांबाला टेकून. पहिले वाचन सेक्रेटरींचे. विठ्ठलाच्या मठात मराठीच वाचले पाहिजे म्हणून त्यांनी बारीक नजरेने मराठी अक्षरे शोधली. भजनपुस्तके राशीच्या तळाशी गेलेली, वर मराठी फार थोडे. त्यांनी ओढून काढले ते मीच पुण्याहून आणून दिलेले: मिरजेला भाड्याच्या जागेत एकत्र राहणाऱ्या दोन बायकांची कादंबरी. एक नर्स, दुसरी रेशन दुकानात.

त्यांनी पान उघडले आणि कीर्तनाच्या चालीवर वाचू लागले. त्या पानावर दोघी भांडत होत्या. आमटीला नर्सला चिंच हवी, दुसरीला आमसूल, हा वाद. "चिंऽच कशाऽला, म्हणाली ती," असे सेक्रेटरींनी आळवले आणि झांजवाल्याने सवयीने एक ठोका दिला.

"चिंचच," बायकांमधून एक आवाज आला.

"आमसूल म्हणजे काय?" दुसरीने विचारले.

"काय चाललंय?" अक्काने तमिळमध्ये विचारले. झांजवाल्याने कुजबुजत भाषांतर केले. "बरोबर आहे नर्सचं," ती म्हणाली. "चिंचेशिवाय कसली आमटी?"

मठात दोन तट पडले नाहीत. सारे एकमुखाने चिंचेच्या बाजूला गेले आणि त्या नर्सला, जिला त्याच दिवशी ते गोदामात पाठवणार होते, अवघ्या मठाचा पाठिंबा मिळाला. पान संपले तेव्हा घरमालकीण जिना चढून येत होती. दोघींनी तिला आपण नणंद-भावजय आहोत असे सांगून ठेवले होते.

सेक्रेटरींचे रीतीपुरते वाचून झाले होते. टेंपोवाला दारात येऊन म्हणाला, "सामी, कुठली पुस्तकं आधी?"

सेक्रेटरींनी पान उलटले.

"सामी, एक पान पुरे असतं," अक्का खांबाजवळून म्हणाली.

"गप्प बैस. ती बाई जिन्यांत आहे." ते चष्मा सावरत म्हणाले. मग त्यांनी पुस्तकावरच्या टिळ्याकडे पाहिले, राशीकडे पाहिले, आणि मला वाटते, आपल्या हातून काय होऊन बसले ते त्यांना तेव्हा कळले. पूजेचे पुस्तक, स्वहस्ते टिळा लावलेले, खताच्या गोदामात. बायकांच्या बाजूने त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "काय म्हणून थांबलांत? पुढें वाचा की."

बाहेर टेंपोचा हॉर्न वाजला. सेक्रेटरी पुस्तकातून मान न काढता म्हणाले, "त्यास सांगा, भाडें देतो, जाऊं दे. पूजेचीं पुस्तकें आहेत, हीं कोठें जात नाहींत." रायर तेव्हा राशीमागे वाकून एका पट्टीखाली चंदन झिरपले आहे का, ते पाहत होते. त्यांनी वळूनही पाहिले नाही. फक्त त्यांचा हात पुस्तकावरून पुन्हा पुन्हा फिरत राहिला, डाग नसलेल्या जागेवरून.

चार पानांनंतर सेक्रेटरींचा घसा बसला. त्यांनी पुस्तक शेजारी, म्हणजे माझ्याकडे दिले. "तुमची मराठी पळते. तुम्हीच वाचा."

मी घेतले. घरमालकीण खिरीची वाटी घेऊन दारात उभी होती आणि तिने दोघींना विचारले होते, खरे सांगा, तुम्ही एकमेकींच्या कोण? पुढच्या ओळीत नर्सचे उत्तर होते, आणि या खेपेस ते खरे होते. माझा आवाज मुळातच खालचा. त्या ओळीपाशी तो आणखी खाली गेला. मी ती वाचली, पण मला स्वतःलाही जेमतेम ऐकू आली असावी.

"मोठ्यानें वाचा," सेक्रेटरी म्हणाले. "मागें कोणास ऐकूं गेलें नाहीं."

मी पुस्तक थोडे वर धरले आणि ती ओळ पुन्हा वाचली, मागच्या भिंतीपर्यंत जाईल अशा आवाजात.